आश्रय मागणाऱ्यांच्या निवाऱ्याची जबाबदारी कोणाची? भारतातली व्यवस्था आणि महाराष्ट्राचा अनुभव

युद्ध, छळ किंवा जिवाची भीती यामुळे स्वतःचा देश सोडून दुसऱ्या देशात संरक्षण मागणाऱ्या माणसाला आश्रयार्थी म्हणतात. सीमा ओलांडल्यानंतर त्याच्यापुढे पहिला प्रश्न असतो तो रात्री राहायचे कुठे, हा. काही देशांत हा निवारा देणे सरकारवर कायद्याने बंधनकारक आहे. भारतात तसा कायदा नाही. तरीही गेल्या ८० वर्षांत भारताने लाखो परदेशी आणि विस्थापित लोकांना छप्पर दिले आणि त्यातली काही ठळक उदाहरणे महाराष्ट्रातली आहेत. भारतात निवारा मिळाला तो सरकारने त्या त्या गटाबद्दल घेतलेल्या निर्णयामुळे. जिथे निर्णय झाला नाही, तिथे भाड्याची खोली, नातेवाईक, धर्मसंस्था किंवा झोपडी एवढेच मार्ग उरतात.

आश्रयार्थी, निर्वासित आणि विस्थापित

बोलताना हे तीन शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. सरकारी जबाबदारी ठरवताना मात्र त्यांतला फरक महत्त्वाचा असतो.

आश्रयार्थी म्हणजे ज्याने संरक्षण मागितले आहे, पण ज्याच्या अर्जाचा निकाल अजून लागलेला नाही. ज्याचा दावा मान्य झाला, तो निर्वासित किंवा शरणार्थी. स्वतःच्याच देशात एका जागेहून दुसऱ्या जागी जावे लागलेला माणूस विस्थापित. धरणग्रस्त, पूरग्रस्त किंवा दंगलीमुळे गाव सोडलेली कुटुंबे या तिसऱ्या गटात येतात. ती देशाची नागरिकच असतात, त्यामुळे त्यांच्याबाबतची सरकारची जबाबदारी अधिक स्पष्ट असते.

निवाऱ्याची सर्वात मोठी अडचण पहिल्या गटाला येते. अर्जाचा निकाल लागायला महिने, कधी वर्षे जातात. तोवर काम करण्याची परवानगी बहुधा नसते, ओळखपत्रे अपुरी असतात आणि जवळचे पैसे संपत आलेले असतात.

आंतरराष्ट्रीय करार काय सांगतो?

निर्वासितांच्या दर्जाबाबतचा संयुक्त राष्ट्रांचा करार १९५१ सालचा. १९६७ च्या पूरक मसुद्याने त्याची व्याप्ती वाढवली. या कराराचे कलम २१ घरांविषयी आहे. देशात कायदेशीरपणे राहणाऱ्या निर्वासितांना घराच्या बाबतीत शक्य तितकी अनुकूल वागणूक द्यावी आणि ती इतर परदेशी लोकांना मिळते त्यापेक्षा कमी नसावी, असे ते सांगते. प्रत्येकाला सरकारने घर बांधून द्यावे, असे त्यात म्हटलेले नाही.

भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही आणि १९६७ चा मसुदाही स्वीकारलेला नाही. त्यामुळे हे कलम भारतावर थेट बंधनकारक नाही.

भारतातला कायदा

भारतात निर्वासितांसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. खासदार शशी थरूर यांनी लोकसभेत आश्रयविषयक खासगी विधेयके मांडली, पण त्यांचे कायद्यात रूपांतर झाले नाही. देशात आलेला आश्रयार्थी कायद्याच्या नजरेत आधी फक्त परदेशी नागरिक असतो. अनेक दशके परदेशी लोकांबाबतचा १९४६ चा कायदा लागू होता. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याची आणि इतर जुन्या कायद्यांची जागा स्थलांतर आणि परदेशी नागरिक कायदा, २०२५ ने घेतली.

या नव्या कायद्यातही आश्रयार्थींना निवारा देण्याची तरतूद नाही. त्यासोबत काढलेल्या आदेशात काही गटांना मात्र सूट आहे. ठरावीक मुदतीत आलेले तिबेटी, ९ जानेवारी २०१५ पर्यंत आलेले नोंदणीकृत श्रीलंकन तमीळ, तसेच अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तानातून ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेले सहा अल्पसंख्याक समुदायांतील लोक त्यात येतात. हक्क व्यक्तीनुसार न ठरता गटानुसार ठरतो, याचा हा लेखी पुरावा म्हणता येईल.

राज्यघटना परदेशी माणसालाही काही संरक्षण देते. कायद्यापुढे समानता (कलम १४) आणि जीविताचा हक्क (कलम २१) प्रत्येक व्यक्तीसाठी आहेत. देशात कुठेही राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क (कलम १९) फक्त नागरिकांना आहे. न्यायालयांचे निकाल या दोन टोकांच्या मध्ये फिरतात. अरुणाचल प्रदेशात १९६० च्या दशकापासून राहणाऱ्या चकमा लोकांना घरे सोडून जाण्याच्या धमक्या आल्या, तेव्हा १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या जिवाचे रक्षण करण्याचा आणि कायदेशीर मार्गाखेरीज त्यांना घरांतून हुसकू न देण्याचा आदेश राज्याला दिला. २०२१ साली रोहिंग्यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने परत न पाठवले जाण्याचा हक्क कलम १९ मधील वास्तव्याच्या हक्काशी जोडला. तो हक्क परदेशी माणसाला नसल्यामुळे, ठरलेली प्रक्रिया पाळून परत पाठवण्यास न्यायालयाने आडकाठी केली नाही.

थोडक्यात, असलेल्या घरातून बेकायदा बाहेर काढले जाऊ नये, इतपत संरक्षण न्यायालयातून मिळू शकते. नवे घर मागण्याचा हक्क त्यातून निघालेला नाही.

केंद्र, राज्य आणि स्थानिक संस्था

घटनेच्या सातव्या अनुसूचीत कामांची वाटणी आहे. नागरिकत्व आणि परदेशी व्यक्ती हा विषय केंद्राच्या सूचीत येतो. देशात कोणाला येऊ द्यायचे आणि कोणाला बाहेर काढायचे, हेही केंद्रच ठरवते. जमीन आणि स्थानिक स्वराज्य संस्था हे विषय राज्याचे. फाळणीमुळे विस्थापित झालेल्यांची मदत आणि पुनर्वसन हा विषय समवर्ती सूचीत स्वतंत्रपणे लिहिलेला आहे. घटना लिहिली जात होती तेव्हा देशभर निर्वासितांच्या छावण्या होत्या, त्याची ही खूण. पुढे येणाऱ्या इतर निर्वासितांसाठी तशी नोंद झाली नाही.

प्रत्यक्षात एक घडी बसली आहे. माणूस देशात राहू शकतो का, हे केंद्रीय गृह मंत्रालय ठरवते. जागा राज्य सरकार देते. पाणी, शाळा, दवाखाना आणि रेशन स्थानिक यंत्रणेकडे येते. खर्चाचा मोठा भाग केंद्राकडून मिळावा, अशी राज्यांची अपेक्षा असते. यातला एक दुवा निसटला की निवाऱ्याचे काम अडते.

वळिवडे: कोल्हापूरजवळचे पोलिश गाव

ही वाटणी कशी चालते, हे महाराष्ट्रातल्या एका जुन्या उदाहरणातून चांगले कळते. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियाने पूर्व पोलंडमधून लाखो लोकांना सैबेरिया आणि मध्य आशियात नेले होते. १९४१ साली सुटका झाल्यावर त्यांतले बरेच जण इराणमार्गे बाहेर पडले. काही हजार लोक भारतात आले. नवानगर संस्थानचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे पोलिश मुलांसाठी शिबिर उघडले. १९४३ साली कोल्हापूर संस्थानात वळिवडे येथे मोठी वसाहत सुरू झाली. तिथे सुमारे ५,००० पोलिश लोक राहिले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया, मुले आणि वृद्ध होते.

वळिवड्यात रांगेने बराकी होत्या आणि कुटुंबांना स्वतंत्र खोल्या होत्या. शाळा, चर्च, दवाखाना आणि नाट्यगृहही होते. रोजचा कारभार पोलिश लोकच पाहत. खर्चाचा भार लंडनमधील परागंदा पोलिश सरकारने उचलला. १९४५ साली ब्रिटनने त्या सरकारची मान्यता काढून घेतली, तेव्हा खर्च कोणी करायचा हा प्रश्न उभा राहिला. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मदत आणि पुनर्वसन संस्थेने जबाबदारी घेतली. १९४८ पर्यंत वसाहत रिकामी झाली आणि तिथले लोक ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा देशांत गेले.

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात या वसाहतीचे स्मारक आहे. वॉर्सातही कोल्हापूरचे स्मारक असून ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तिथे आदरांजली वाहिली. जागा कोणाची, खर्च कोणाचा आणि कारभार कोणाचा, ही तीन उत्तरे सुरुवातीलाच ठरलेली असल्यामुळे ५,००० माणसांची सोय पाच वर्षे टिकली.

सिंधी, तिबेटी आणि बंगाली वसाहती

पोलिश लोक गेल्यावर वळिवड्याच्या त्याच बराकींत फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबे राहू लागली. आज कापड बाजारासाठी ओळखले जाणारे गांधीनगर तेच. कल्याणजवळच्या लष्करी छावणीतही सिंधी निर्वासितांना जागा मिळाली आणि १९४९ साली तिचे उल्हासनगर झाले. तिथले पत्ते आजही कॅम्प नंबर एक ते पाच असेच सांगितले जातात. फाळणीतून आलेल्या या लोकांना भारताने नागरिक मानले, म्हणून त्यांच्यासाठी केंद्रात स्वतंत्र खाते उभे राहिले आणि १९५४ साली भरपाई व पुनर्वसनाचा कायदाही झाला.

पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांना तेव्हाच्या चांदा, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात वसवण्यात आले. त्यांची बरीच गावे आज गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत आहेत. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. तिबेटी वसाहतींसाठी केंद्राने २०१४ साली पुनर्वसन धोरण काढले. जमिनीचे भाडेपट्टे आणि सरकारी योजनांचा लाभ यांबाबत राज्यांनी सारखे नियम पाळावेत, हा त्याचा हेतू होता. तोपर्यंत एका राज्यात मिळणारी सोय दुसऱ्या राज्यात मिळेलच, अशी खात्री नव्हती.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी लोक भारतात आले. त्यांचा भार सीमेवरच्या राज्यांवर पडला, पण खर्चात सगळ्या देशाने वाटा उचलला. १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर ५ पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. मराठवाड्यातल्या खेड्यातून पत्र टाकणाऱ्या माणसानेही त्या छावण्यांसाठी पैसे दिले आहेत.

मराठवाड्याला घर सोडण्याची ओळख आहे

नांदेड जिल्ह्याला हा प्रश्न परका नाही. १९४७-४८ मध्ये निजामाचे हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले नव्हते आणि रझाकारांचा त्रास वाढला होता. तेव्हा मराठवाड्यातल्या अनेक कुटुंबांनी घरे सोडून संस्थानाबाहेर आसरा घेतला. नांदेडकडचे लोक पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात जात. पलीकडचे उमरखेड हे अशा सीमेवरच्या केंद्रांपैकी एक. तिथे नातेवाईक, ओळखीचे गावकरी आणि स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते यांचा आधार होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान शरण आले आणि लोकांच्या परतण्याचा मार्ग मोकळा झाला. आजच्या व्याख्येत त्यांना आश्रयार्थी म्हणावे का, यावर वाद होऊ शकतो. त्यांची गरज मात्र तीच होती.

एकाच देशात दोन उत्तरे

श्रीलंकेतून १९८३ पासून आलेल्या तमीळ लोकांसाठी तमिळनाडूत शंभराहून अधिक छावण्या उभ्या राहिल्या. तिथे घर, दरमहा रोख मदत आणि रेशन मिळते, राज्य सरकारचे स्वतंत्र खाते कारभार पाहते आणि केंद्र खर्चाची प्रतिपूर्ती करते. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्याने मोडकळीला आलेली ७,४६९ घरे नव्याने बांधण्याची घोषणा केली.

मिझोरमचे चित्र उलटे आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतल्यावर हजारो चिन लोक मिझोरममध्ये आले. निर्वासिताचा दर्जा देण्याचा अधिकार राज्यांना नाही, असे केंद्राने मार्च २०२१ मध्ये ईशान्येकडील राज्यांना कळवले. मिझो आणि चिन लोकांचे नाते रक्ताचे असल्याने राज्याने त्यांना बाहेर काढले नाही. छावण्या उभ्या राहिल्या त्या गावच्या परिषदा, चर्च आणि यंग मिझो असोसिएशन यांच्या बळावर.

दिल्लीत तर एकाच दिवसात दोन उत्तरे मिळाली. १७ ऑगस्ट २०२२ रोजी तेव्हाचे केंद्रीय गृहनिर्माण मंत्री हरदीपसिंग पुरी यांनी रोहिंग्यांना बक्करवाला भागातील सदनिकांत हलवले जाईल, असे जाहीर केले. असा कोणताही निर्देश दिलेला नाही, असा खुलासा त्याच दिवशी गृह मंत्रालयाने केला. घरे एका खात्याची आणि परदेशी माणसाबाबतचा निर्णय दुसऱ्या खात्याचा, हे यातून उघड झाले.

अर्धापूरसारख्या गावात कोणी आश्रय मागितला तर?

केळीसाठी प्रसिद्ध असलेले अर्धापूर हे नांदेड जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. तिथे तहसील, पोलीस ठाणे आणि नगरपंचायत आहे. अशा गावात एखादे परदेशी कुटुंब येऊन परत गेलो तर जिवाला धोका आहे असे म्हणू लागले, तर पुढचा मार्ग साधारण असा असतो.

पहिली नोंद पोलिसांकडे होते. महानगरांबाहेर परदेशी नागरिकांच्या नोंदणीचे काम जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे असते, म्हणजे इथे नांदेडला. छळाचा दावा प्रथमदर्शनी खरा वाटला, तर प्रकरण गृह मंत्रालयाकडे जाऊ शकते. मंत्रालयाने चौकशीनंतर दीर्घ मुदतीचा व्हिसा दिला, तर त्या व्यक्तीला खासगी नोकरी करता येते आणि शिकता येते. यासाठी २०११ पासून ठरलेली कार्यपद्धती आहे. घर देण्याचे कलम त्यात नाही.

दुसरा मार्ग संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेचा, म्हणजे यूएनएचसीआरचा. भारतात तिचे मुख्य कार्यालय दिल्लीत आहे. म्यानमार आणि शेजारी नसलेल्या देशांतून आलेल्यांची ती नोंदणी करते आणि ओळखपत्र देते. त्या पत्रावर सरकारी घर मिळत नाही.

मधल्या काळात तहसीलदार काय करू शकतात? पूर आला तर जिल्हा परिषदेची शाळा उघडता येते, पंचनामे होतात आणि मदतीचे लेखाशीर्ष ठरलेले असते. आश्रयार्थींसाठी असे लेखाशीर्ष नाही. घरकुलाच्या योजना नागरिकांसाठी आहेत. उरते ती भाड्याची खोली. तिथेही परदेशी माणसाला ठेवणाऱ्या लॉजचालकाने किंवा घरमालकाने त्याची माहिती २४ तासांच्या आत विहित नमुन्यात भरून द्यावी लागते. कागदपत्रे अपुरी असली की घरमालक बहुधा नको म्हणतो.

आणखी एक शक्यता असते. वैध कागदपत्रे नसलेल्या परदेशी व्यक्तीला परत पाठवेपर्यंत स्थानबद्धता केंद्रात ठेवता येते. तिथे छप्पर आणि जेवण सरकार देते, पण बाहेर पडण्याची मोकळीक नसते. त्यामुळे त्याला निवारा म्हणणे कठीण आहे.

परदेशात काय होते?

ब्रिटनमध्ये १९९९ च्या स्थलांतर आणि आश्रय कायद्यानुसार निराधार आश्रयार्थीला अर्जाचा निकाल लागेपर्यंत निवारा देण्याचे काम गृह खात्याकडे आहे. कुठे राहायचे, हे त्या माणसाला निवडता येत नाही. प्रत्यक्ष काम २०१९ पासून तीन खासगी कंपन्यांकडे आहे. घरे कमी पडल्यावर हॉटेले घेतली गेली आणि स्थानिक लोकांशी वाद सुरू झाले. लंडनजवळच्या एपिंग गावातील हॉटेल आश्रयार्थींसाठी वापरण्यास उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये तात्पुरती मनाई केली. काही दिवसांतच अपील न्यायालयाने ती उठवली. कायदा असूनही जागेचा प्रश्न सुटत नाही, हे यातून दिसते.

जर्मनीत आश्रयार्थींची वाटणी १६ राज्यांत ठरलेल्या सूत्राने होते. त्यात राज्याच्या करउत्पन्नाला दोन तृतीयांश आणि लोकसंख्येला एक तृतीयांश वजन असते. त्यामुळे सगळा भार सीमेवरच्या राज्यावर पडत नाही. मिझोरमला किंवा १९७१ च्या त्रिपुराला असे सूत्र उपयोगी पडले असते.

वादाचे मुद्दे

कायदा नको म्हणणाऱ्यांचे म्हणणे असे, की भारताच्या सीमा लांब आहेत, शेजारी देश अस्थिर आहेत आणि स्वतःच्या बेघर नागरिकांची संख्या मोठी आहे. घराचा हक्क लिहून दिला तर सुरक्षेचा आणि खर्चाचा भार झेपणार नाही. सरकारने परिस्थिती पाहून निर्णय घेण्याची मोकळीक ठेवावी. १९७१ साली कायदा नसतानाही एक कोटी लोकांची सोय झाली, याकडे ते लक्ष वेधतात.

कायदा हवा म्हणणारे त्याच इतिहासाची दुसरी बाजू दाखवतात. मोठा गट आला आणि राजकीय इच्छा असली, की छावण्या उभ्या राहतात. एकटी बाई किंवा लहान कुटुंब आले, तर त्यांच्यासाठी कोणी निर्णय घेत नाही. एका गटाला घर आणि दुसऱ्याला झोपडी, हा फरक कोणत्या निकषावर केला हे सांगण्याचे बंधनही सरकारवर नसते. किमान अर्जाचा निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता निवारा आणि त्याचा केंद्राकडून मिळणारा खर्च, एवढे तरी नियमात यावे, अशी त्यांची मागणी आहे.

दोन्ही बाजूंना मान्य होईल असा एक मुद्दा वळिवड्यापासून मिझोरमपर्यंतच्या अनुभवात आहे. जागा, पैसा आणि कारभार यांची जबाबदारी कोणाची, हे आधी ठरले तर निवारा टिकतो आणि गावाशी वादही कमी होतात. आज अर्धापूरच्या पोलीस ठाण्यात आश्रय मागायला कोणी आले, तर त्याची नोंद कोणी घ्यायची हे ठरलेले आहे. त्या रात्री त्याला कुठे झोपवायचे, हे मात्र कोणत्याही नियमात लिहिलेले नाही.